शिलाई मशीनवरचा लॅपटॉप

जुलैमध्ये माझा लॅपटॉप गेला. चोरीला नव्हे, वारला. नऊ वर्षांचा होता, त्यातली सहा माझ्याकडे. सकाळी बटण दाबलं तर पंखा एकदा फुर्र झाला आणि स्क्रीन काळीच राहिली. मी मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, रॅमची पट्टी काढून खोडरबराने पुसून परत बसवली, दोन शिव्या दिल्या. आमचे हे पेपरमागून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, पेशंटचं काय?" म्हटलं, "नातेवाइकांना बोलवा."

म्हणजे आता नेहरू प्लेस. दिल्लीत स्वस्तात लॅपटॉप घ्यायचा तर तिथे जायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र दोन वर्षं त्या बाजूला फिरकले नव्हते. मेट्रोतून जाताना ते स्टेशन आलं की मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. का, ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतलाय. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'मॅडम, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलं होतं. गमती आहेत, पण थोड्याच.

मी एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं कॉम्प्युटर विभागात होते. शेवटची अठरा वर्षं सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधल्या शेजारणी विचारायच्या, "मतलब करती क्या हो?" मी सांगायचे, "सब चल रहा हो तो मुझे कोई नहीं पूछता। बंद हो जाए तो सबको मेरा ही नाम याद आता है।" तळघरात एसी लावलेली एक खोली, त्यात घोंघावणारे सर्व्हर आणि स्वेटर घातलेली मी. मे महिन्यातसुद्धा स्वेटर. बाहेर दिल्ली भाजून निघायची आणि मी आत गवती चहा पीत बसायचे.

आता लिनक्स म्हणजे काय तेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉम्प्युटर नुसता चालू होऊन उपयोग नसतो, त्याला चालवणारी एक मूळ प्रणाली लागते. बहुतेक लोकांकडे ती विकतची असते, विंडोज. लिनक्स ही दुसरी. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, फुकट, आणि उघडी. आत काय आहे ते कुणीही बघावं, बदलावं. जुन्या, दमलेल्या मशीनवरही ती झकास पळते. अडचण एवढीच की काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठीच बनवतात, ती लिनक्सवर चालत नाहीत. ही शेवटची गोष्ट मी लोकांना नेहमी घाईघाईत सांगायचे.

एकदा आमच्या अख्ख्या कार्यालयात व्हायरस शिरला. तिन्ही मजल्यांवरची मशीनं आडवी. फक्त माझ्या तळघरातली, लिनक्सवरची, चालू. आमचे डायरेक्टरसाहेब, ज्यांनी 'ये फ्री की चीज़ किस काम की' म्हणून माझी फाइल दोनदा परत पाठवली होती, ते स्वतःचा चहाचा कप हातात धरून जिना उतरून खाली आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी मंत्रालयाचं पत्र टाइप केलं. त्यांना थंडी वाजली म्हणून मी माझी शालही दिली. त्या दिवशी माझं डोकं जे चढलं, ते निवृत्तीनंतरही खाली आलं नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही दिल्लीला लागूनच वैशालीला फ्लॅट घेतला. आणि मला एक नवीनच उद्योग लागला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये रविवारी आपल्याकडची मुलं जेवायला येतात. लातूर, बीड, यवतमाळ, धुळे, कुठकुठली. यूपीएससीची तयारी करणारी. घरच्या चवीच्या भाजीसाठी एवढ्या लांब येतात बिचारी. एकाला मी त्याचा मेलेला लॅपटॉप चालू करून दिला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि मी सगळ्यांची कॉम्प्युटरवाली मावशी झाले. "मावशी, स्वस्तातला लॅपटॉप बघून द्या ना," म्हटलं की मी पर्स उचललीच.

यात एक कसब आहे, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. गुरुग्रामच्या टॉवरांमधल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. ते जुने गठ्ठ्याने नेहरू प्लेसला येतात. नवीन स्वस्त लॅपटॉपपेक्षा हे जुने महागातले केव्हाही बरे. बिजागऱ्या मजबूत, कीबोर्ड दणकट, झाकण उघडून रॅम वाढवता येते. मी दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जायचे. त्यात पूर्ण लिनक्स भरलेलं. ते लावून मशीन सुरू करायचं, म्हणजे आतल्या कशाला हात न लावता कळतं की वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटल्यावर झोपतंय का आणि उघडल्यावर उठतंय का. झोपून न उठणारे फार असतात. मग पांढरी स्क्रीन लावून डाग बघायचे, बॅटरीला किती म्हातारपण आलंय ते वाचायचं, आणि शेवटी कीबोर्डवर मी माझ्या माहेरचा पूर्ण पत्ता टाइप करायचे. एखादी कळ अडकत असली तर तिथे कळतेच.

माझा ठरलेला दुकानदार कपिल. दुसऱ्या मजल्यावर त्याचं अरुंद दुकान. मला बघितलं की ओरडायचा, "आ गईं पेनड्राइव्हवाली मॅडम! अच्छा माल छुपा लो भाई!"

या कपिलच्या दुकानात मी नाझियाला घेऊन गेले होते.

नाझिया तांबोळी, उदगीरची. वडिलांचं तिथे चपलांचं दुकान. यूपीएससीचे चार प्रयत्न झालेले, एकदा मुलाखतीपर्यंत पोचलेली. सावळी, उंच, बोलणं कमी, पण ऐकताना डोळे तुमच्यावर रोखलेले. कँटीनमध्ये माझ्या ताटात स्वतःहून लोणचं वाढायची, कारण मी मागायला लाजते हे तिने एकदाच पाहून ओळखलं होतं. ती म्हणाली, "मावशी, अब्बा म्हणतात आता बस झालं, परत ये. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर इथं नोकरी लागली तर राहू देतील. नाही लागली तर उदगीर." मग म्हणाली, "उदगीर वाईट नाही हो. पण तिथं मी परत गेले की माझं काय करायचं हे बाकीचे ठरवतील."

म्हणून लॅपटॉप. अर्ज, ऑनलाइन परीक्षा, मुलाखती, सगळं त्यावर. आम्ही दोन तास घालवून एक काळा, जाडजूड, सज्जन लॅपटॉप निवडला. माहेरचा पत्ता एका दमात टाइप झाला. मी कपिलला म्हटलं, "आतलं सगळं पुसून टाक, मी आपलं टाकते."

कपिल म्हणाला, "मॅडम, इसमें असली विंडोज है, साथ आया है। पूरा मत हटाओ। एक कोने में पड़ा रहने दो, क्या ले रहा है आपका?"

करता येतं तसं. एकाच मशीनवर दोन्ही ठेवता येतात, सुरू करताना हवं ते निवडायचं. शहाणा माणूस तेच करतो. मी मात्र ताठ मानेने म्हटलं, "कपिल, मेरे घर में बीस साल से विंडोज नहीं है। मेरा कोई काम रुका?"

नाझिया माझ्याकडे केवढ्या आदराने बघत होती! तिच्याकडे वळून मी मराठीत वर आणखी ठोकलं, "अगं, आपल्या मशीनचे मालक आपण असायला पाहिजे. माझ्या घरात विंडोज नाही, तुझ्याकडेही नको." ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर नकोच." आणि पुसलं.

आता इथे मला खरं सांगायला हवं. माझ्या घरात विंडोज होतं.

सुनेने नवा घेतला तेव्हा तिचा जुना लॅपटॉप मुलाने गुरुग्रामहून आणून मला दिला होता. निवृत्तीनंतर मी एका संस्थेच्या निविदा ऑनलाइन भरून द्यायचे. त्याला डिजिटल सही लागते, आणि त्या सहीचं सॉफ्टवेअर माझ्या लिनक्सवर काही केल्या चालेना. महिनाभर डोकं आपटलं आणि मग मुकाट्याने सुनेचा लॅपटॉप काढला. तो आतल्या खोलीत शिलाई मशीनवर असायचा, मशीनच्याच भरतकाम केलेल्या कव्हरखाली. मंडळात 'मुक्त संगणक' या विषयावर मी व्याख्यान दिलं, टाळ्या घेतल्या, घरी आले आणि कव्हर उचलून निविदा भरली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण मी नातीला शिकवलीय. कुठल्या तोंडाने, ते विचारू नका.

पुढे महिन्याभरात नाझियाला गुरुग्रामच्या एका कंपनीकडून बोलावणं आलं. सरकारी धोरणांचे अहवाल लिहायचं काम. तिच्यासाठीच बेतलेलं म्हणा ना! फोनवरची मुलाखत झाली, आवडली. आता फक्त एक ऑनलाइन लेखी परीक्षा, रविवारी अकरा वाजता, घरबसल्या. शुक्रवारी तिचा फोन आला. "मावशी, ईमेलमध्ये खाली लिहिलंय की फक्त विंडोजवरच चालेल."

"अगं, ते असंच लिहितात," मी म्हटलं. "ये रविवारी सकाळी घरी. मी बघते."

मूळ विंडोज त्या मशीनवर परत टाकणं दोन-तीन तासांचं काम होतं. शुक्रवार होता. शनिवार अख्खा मोकळा होता. मला येत नव्हतं असंही नाही. पण ते करायचं म्हणजे 'नाझिया, माझं चुकलं' असं म्हणणं आलं. त्यापेक्षा मी एक हुशारी योजली.

लिनक्सच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा करता येतो. त्यात विंडोज टाकायचं. विंडोजला वाटतं आपण खऱ्या मशीनवर आहोत. आमच्या धंद्यात हे रोजचं काम आहे, यात लबाडी काही नाही. ऑफिसात मी असे डझनाने चालवले होते.

रविवारी नाझिया साडेआठला आली. केस अजून ओले, सोबत माझ्यासाठी पेढे. "आधी पेढे नको, नंतर," मी म्हटलं. सगळं उभं करून पावणेअकराला परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडलं. त्याने पाटी लावली की हे सॉफ्टवेअर खोट्या मशीनवर चालणार नाही, खरं मशीन वापरा. स्वच्छ, सरळ शब्दांत.

कारण घरबसल्या परीक्षेत नक्कल होऊ नये म्हणून ही सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातून तुमच्यावर लक्ष ठेवतात आणि मशीनही तपासतात. पोटातल्या खोट्या मशीनवर परीक्षा आणि बाहेरच्या खऱ्या मशीनवर उत्तरं शोधणं, असं कुणी करू शकतो ना! त्यांचं बरोबरच होतं.

नाझियाचा चेहरा उतरला. "मावशी, आता?"

आमचे हे दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "अगं, तो आतला..."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "तुम्ही जरा चहा ठेवता का?" मी म्हटलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे माझ्यापुढे फार कमी वेळा बोललेत, आणि बोलले तेव्हा बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर होतं. ते गेले चहा ठेवायला. नाझियाही पाणी प्यायला म्हणून उठून आत गेली. बरंच झालं म्हटलं, मला कामाला मोकळीक मिळाली.

तेवढ्या वेळात मी त्या खोट्या मशीनचा वेश बदलला. कुठल्या कंपनीचं, कुठल्या बनावटीचं, क्रमांक काय, ही सगळी माहिती बदलून खऱ्या मशीनची लावली. म्हणजे तपासणाऱ्याने विचारलं तर तो खोटा कॉम्प्युटर खरा असल्याचं सांगणार. सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. या वेळी पाटी नाही! अकराला पाच कमी. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली हो. म्हटलं, "बघ! एकतीस वर्षं काय गवत उपटलं नाही!"

नाझिया बाहेर येऊन बसली. तिने माझ्याकडे एक क्षण बघितलं, मग स्क्रीनकडे. परीक्षा सुरू झाली. दाराच्या फटीतून मी बघत होते. पोरगी काय सुरेख लिहीत होती! बोटं थांबत नव्हती.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी स्क्रीन लाल झाली. मशीनची ओळख लपवल्याचं आढळलं, परीक्षा रद्द, गैरप्रकाराची नोंद केली आहे. लॉगिन बंद. रविवार असल्याने हेल्पलाइनवर नुसतं संगीत, उचलणारं कुणी नाही.

मी काय म्हणाले असेन? "तू काही वेगळं बटण दाबलंस का?"

हे वाक्य मी गेली दोन वर्षं झोपताना ऐकतेय. तिने नुसती मान हलवली. "मी काही नाही दाबलं, मावशी." आवाज चढवला नाही, रडली नाही. लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला. ह्यांनी केलेला चहा पूर्ण प्यायली, कप विसळून ठेवला. पेढ्यांचा डबा टेबलावरच राहिला.

मी त्या कंपनीला पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी, इंग्रजीत. त्यात काय लिहिलं? की तुमचं सॉफ्टवेअर लिनक्स वापरणाऱ्यांवर अन्याय करतं, की निवडीचं स्वातंत्र्य हा मूलभूत मुद्दा आहे. 'ही लबाडी त्या मुलीची नाही, ओळख मी लपवली, तिला माहीतसुद्धा नव्हतं' हे एकच वाक्य हवं होतं. तेवढंच नव्हतं. दोन ओळींचं उत्तर आलं की दिलगीर आहोत, निर्णय अंतिम आहे.

नाझिया दिवाळीच्या आठवड्यात उदगीरला गेली. मी स्टेशनवर सोडायला गेले नाही. गुडघे दुखत होते, असं मी तिला सांगितलं. सदनाच्या कँटीनमध्ये जाणंही सोडलं. मुलांचे फोन यायचे, तर म्हणायचे, आता डोळ्यांना दिसत नाही रे.

तर या जुलैत मी कपिलच्या दुकानात गेले. त्याचे केस पांढरे झालेत. पण ओरडला तसाच. चहा मागवला, चार मशीनं काढून ठेवली. मी पेनड्राइव्ह लावला. वायफाय, आवाज, झोपणं, उठणं. एकावर माहेरचा पत्ता टाइप करत होते तेवढ्यात त्याने विचारलं, "मॅडम, वो लड़की? जिसका विंडोज उड़वाया था आपने। नौकरी लग गई उसकी?"

मी म्हटलं, "हाँ हाँ, लग गई। गुरुग्राम में।"

"देखा! मैं खामखाँ डर रहा था," कपिल म्हणाला. मनापासून खूश झाला तो.

माझ्या पत्त्यातली गल्ली अर्धीच राहिली. "आते हूँ थोड़ी देर में," काहीतरी चुकीचं हिंदी बोलून मी खाली आले आणि चौकातल्या पायऱ्यांवर बसले. आजूबाजूला मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांचा कल्ला, ऊन असं की पायरी चटका देत होती. मी नाझियाला फोन लावला.

दोन वर्षांनी. तिने दुसऱ्या रिंगला उचलला. "मावशी! बऱ्या आहात ना? गुडघे कसे आहेत?"

गुडघे! ती उदगीरला एका क्लासमध्ये राज्यघटना शिकवते. घरी स्थळं बघतायत, सध्या ती नाही म्हणतेय, किती दिवस म्हणू देतील माहीत नाही, असं हसत म्हणाली. लॅपटॉप अजून छान चालतो, म्हणाली.

मी म्हटलं, "नाझिया, मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही." आणि सांगितलं. सुनेचा लॅपटॉप, निविदा, शिलाई मशीन, कव्हर. "त्या दिवशी घरात विंडोजचं चांगलं चालतं मशीन होतं. हात लांब केला असता तर मिळालं असतं. मी तुला दिलं नाही. माझा तोरा राहावा म्हणून."

पलीकडे शाळेची घंटा वाजल्यासारखा आवाज आला, मुलांचा गलका झाला, मग दार लोटल्याचं ऐकू आलं.

"मावशी, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी प्यायला आत गेले होते ना. जाताना आतली खोली उघडी दिसली. शिलाई मशीनवरचं कव्हर बाजूला होतं, लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता. वर चिठ्ठी पण चिकटवलेली, विंडोजचा पासवर्ड म्हणून. तुमच्या अक्षरात."

मी म्हटलं, "अगं मग मागितला का नाहीस? तोंडाने नुसतं म्हणायचंस तरी!"

"आधी वाटलं, तुम्हीच काढून द्याल. मी आत मुद्दाम थोडा वेळ थांबले." ती म्हणाली. "मग बाहेर आले तर तुम्ही टाळ्या वाजवत होता. तुम्ही म्हणाला होता ना, माझ्या घरात विंडोज नाही. मोठ्या माणसाला त्यांच्याच घरात खोटं कसं पाडायचं, मावशी?"

फोन ठेवला. मग कठड्याला धरून उठले आणि दोन मजले चढून परत वर गेले. मी पत्ता टाइप करत होते तेच मशीन कपिलने आतलं सगळं पुसून, पिशवीत घालून तयार ठेवलं होतं. "पूरा साफ़ कर दिया मॅडम, जैसा आपको पसंद है," तो म्हणाला.

मी म्हटलं, "कपिल, बैठो। उस लड़की की नौकरी नहीं लगी थी। मेरी वजह से नहीं लगी।"